उड्या न सोडता गळती कशी थांबवायची: धावणाऱ्या, उड्या मारणाऱ्या, वजन उचलणाऱ्या बायकांसाठी ओटीपोटाच्या तळाची काळजी

‘तू कायम काळीच लेगिंग का घालतेस?’ असं मला व्यायामाच्या वर्गात एकीने विचारलं होतं. ‘मळत नाही ना,’ मी म्हटलं. खरं कारण वेगळं होतं. दोरीवरच्या उड्या मारताना साधारण चाळिसाव्या उडीला लघवीचा एक थेंब सुटायचा, साठाव्याला दुसरा, आणि काळ्या कापडावर ओल दिसत नाही. वर्गाआधी मी दोनदा बाथरूमला जाऊन यायचे, सकाळपासून पाणी मोजून प्यायचे, आणि जंपिंग जॅक्स सुरू झाले की खाली बसून बुटाची लेस बांधायचे. त्या काळात माझ्या बुटाची लेस फार वेळा सुटायची.

हे सगळं वाचताना ‘अगं, मीपण’ असं वाटलं असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. यात उड्या सोडा असं कुठेही म्हटलेलं नाही. दिवसभर केगल, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचा व्यायाम, करत बसा असंही नाही.

हे फक्त बाळंतपणानंतर होतं, हा समज आधी काढून टाका. १९९४ साली अमेरिकेतल्या विद्यापीठांतल्या, मूल न झालेल्या तरुण खेळाडूंची पाहणी झाली. त्यात २८ टक्के जणींनी खेळताना लघवी गळते असं सांगितलं. जिम्नॅस्टिक्समध्ये हे प्रमाण दोन तृतीयांश होतं, गोल्फमध्ये शून्य. २००२ मध्ये स्वीडनच्या ट्रँपोलिन खेळाडूंची पाहणी झाली, मुली सरासरी पंधरा वर्षांच्या, आणि दहापैकी आठ जणींना सराव करताना गळती होत होती. या काही अशक्त मुली नव्हेत. जिथे आपटणं जास्त, तिथे गळती जास्त, असा हा सरळ हिशोब आहे.

आत नेमकं काय चालतं

पुढच्या जांघेच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी ताणलेली असते; हाच ओटीपोटाचा तळ. मूत्राशय, गर्भाशय आणि मोठ्या आतड्याचं टोक या झोळीवर विसावलेलं असतं, आणि लघवीची जागा, योनी व गुदद्वार ही तिन्ही दारं याच झोळीतून बाहेर पडतात. वर छातीखाली श्वासपटल, पुढे पोटाचे स्नायू, मागे कणा, खाली ही झोळी. एक बंद डबाच म्हणा. श्वास आत घेतला की श्वासपटल खाली सरकतं आणि झोळीही थोडी खाली उतरते. श्वास सोडला की दोन्ही वर येतात. हे लक्षात ठेवा, पुढे सगळीकडे लागणार आहे.

धावताना प्रत्येक पावलाला जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट धक्का येतो. उंच उडीवरून उतरताना तो याहूनही मोठा असतो. पोटातलं सगळं त्या क्षणी खाली दणकतं. झोळीने हा धक्का झेलायचा तर पाय टेकण्याच्या किंचित आधीच तिने आवळलेलं असायला हवं. क्रिकेटमध्ये झेल घेताना हात आधी तयार असतात. चेंडू हातावर आपटल्यावर बोटं मिटून काय उपयोग? म्हणून ताकद चांगली असूनही गळती होऊ शकते. वेळ चुकते. शिवाय चाळिसाव्या उडीपर्यंत झोळी थकलेली असते, त्यामुळे पहिल्या दहा उड्या कोरड्या आणि पुढच्या ओल्या, असं बऱ्याच जणींचं होतं.

उड्यांनी तळ कायमचा खराब होतो का? तसं सिद्ध झालेलं नाही. पण धावल्याने तो आपोआप मजबूत होतो हेही खरं नाही. तुमच्या तळाची आजची कुवत आणि त्याच्यावर आज पडणारा भार, या दोघांत अंतर पडलं की तक्रार सुरू होते. कुवत वाढवायची आणि तोवर भार पायरीपायरीने द्यायचा, एवढंच काम आहे. पण ते नीट करायला तीन-चार महिने लागतात.

पहिलं काम: आठवडाभर नोंद

फोनमध्ये रोज दोन ओळी लिहा. कोणत्या व्यायामाला, कितव्या मिनिटाला, किती गळलं (थेंब, चमचाभर, की कपडे बदलावे लागले), पाळीचा कितवा दिवस होता. उडी, शिंक, खोकला, वजन उचलणं या क्षणी सुटत असेल तर तो दाबाचा प्रकार. अचानक अनावर लागते आणि दारापर्यंत पोहोचायच्या आत सुटते, हा घाईचा प्रकार. काहींना दोन्ही असतात. या लेखातलं बरंचसं पहिल्या प्रकाराला लागू आहे. घाईचा त्रास जास्त असेल तर मूत्राशयाला हळूहळू वेळ वाढवून द्यायची वेगळी सवय लावावी लागते, आणि ती डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टकडून शिकलेली बरी.

नोंदीत गळतीखेरीज आणखी एक गोष्ट लिहा: जडपणा. योनीत काहीतरी खाली ओढल्यासारखं, चेंडूवर बसल्यासारखं वाटतं का? संध्याकाळी वाढतं, झोपल्यावर कमी होतं का? हे अंग खाली येण्याचं, म्हणजे गर्भाशय किंवा मूत्राशय योनीत उतरण्याचं, लक्षण असू शकतं. घाबरून जाऊ नका, पण तपासून घ्या.

आणि काही लक्षणांत नोंद वगैरे करत बसायचं नाही. लघवीत रक्त, जळजळ आणि ताप, लघवी अजिबात न होणं, शौचावरचा ताबा सुटणं, यासाठी डॉक्टर. पाठदुखीबरोबर जांघेतली, बसायच्या जागेची संवेदना बधिर झाली असेल तर त्याच दिवशी, थेट तातडीच्या विभागात.

ढिला की आखडलेला?

ही पायरी बहुतेक जणी ओलांडून जातात. मीही गेले होते, आणि दोन महिने वाया घालवले. गळतंय म्हणजे सैल पडलंय, म्हणजे आवळा, असं आपण धरून चालतो. पण सतत आवळून धरलेला तळसुद्धा गळतो. मूठ दिवसभर वळून ठेवली तर संध्याकाळी त्या हाताने काही उचलवणार नाही, तसंच.

संभोगात किंवा टॅम्पॉन घालताना दुखतं. लघवी सुरू व्हायला वेळ लागतो किंवा धार तुटक येते. शौचाला कुंथावं लागतं. माकडहाड किंवा नितंब खोलवर दुखतात. ताण आला की जबडा आणि पोट आपोआप घट्ट होतं. यातलं दोन-तीन तुम्हाला लागू असेल तर केगल सुरू करू नका. आधी सोडायला शिका. पाठीवर झोपा, पोटऱ्या खुर्चीवर टेकवा, एक हात पोटावर. नाकाने श्वास घेताना बरगड्या बाजूंनी पसरू द्या आणि योनी व गुदद्वार खाली, बाहेर सैल होतंय असं जाणवू द्या. ढकलायचं नाही, फक्त सोडायचं. रोज पाच मिनिटं, दोनदा. आणि शक्य असेल तर या विषयातल्या फिजिओथेरपिस्टला गाठा, कारण आखडलेला स्नायू आपला आपल्याला ओळखणं अवघड असतं.

स्नायू सापडणं

१९९१ च्या एका अमेरिकी अभ्यासात बायकांना तोंडी सूचना देऊन तळ आवळायला सांगितलं. जेमतेम निम्म्या जणींना ते नीट जमलं, आणि चौथाई जणी चक्क उलट, खाली जोर करत होत्या. म्हणजे ‘मी केगल करते’ म्हणणाऱ्यांपैकी किती जणी खरोखर ते करत असतील, हा प्रश्नच आहे.

पाठीवर झोपा, गुडघे वाकवा. श्वास घ्या, सोडा. सोडतानाच, चारचौघांत वारा सरू नये म्हणून आवरतो तसं गुदद्वार हलकेच मिटा आणि तीच ओढ पुढे लघवीच्या जागेपर्यंत आणा. मिटा आणि वर उचला. आता तपासणी: कपड्यावरूनच योनी आणि गुदद्वार यांच्या मधल्या जागेवर बोट ठेवा. आवळताना ती जागा बोटापासून दूर, आत गेली तर बरोबर. बोटावर फुगून आली तर तुम्ही खाली ढकलताय, तिथेच थांबा. छोटा आरसा धरून पाहिलंत तर आणखी स्पष्ट कळतं.

नितंब दगड झालेत? मांड्या एकमेकींना चिकटल्यात? श्वास अडकलाय? मग दुसरेच स्नायू काम करतायत. जोर निम्म्यावर आणा. सुरुवातीला जे जाणवतं ते इतकं बारीक असतं की आपण काही करतोय यावर विश्वास बसत नाही. आणि आवळल्यावर सोडणं जाणवलं पाहिजे. सोडताना काहीच कळत नसेल तर मुळात आवळलंच गेलं नव्हतं, किंवा अजून सुटलेलं नाही.

योगातला मूळबंध करणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. ओढ तीच आहे. फरक इतकाच की इथे ती फार वेळ धरून ठेवायची नाही. आणि लघवी करता करता मधेच धार अडवून व्यायाम करू नका. स्नायू सापडला का हे पाहायला एखाद वेळी ठीक; सवय लावली तर मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही.

रोजचा सराव

अर्नॉल्ड केगल या अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञाने १९४८ मध्ये हा व्यायाम मांडला आणि आज गळतीवरचा पहिला उपाय म्हणून तोच सुचवला जातो. दिवसातून तीन वेळा, प्रत्येक वेळी किमान आठ आवळण्या, किमान तीन महिने. मी त्याची दोन भागांत विभागणी करते. आधी आठ सावकाश: जेवढं नीट धरवतं तेवढं धरा, मग ते तीन सेकंद का असेना, आणि तेवढाच किंवा जास्त वेळ पूर्ण सोडा. दहा सेकंदांपर्यंत हळूहळू न्या. त्यानंतर आठ-दहा झटपट: पटकन आवळा, पटकन आणि पूर्ण सोडा. उड्या मारणाऱ्यांना हा दुसरा भाग टाळून चालत नाही, धक्का झेलायला वेगच लागतो.

आठवड्या-दोन आठवड्यांनी झोपून जमतंय असं वाटलं की बसून करा, मग उभं राहून, मग एका पायावर. सिग्नलला गाडी थांबली की केगल करा असा सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो. मला तो पटत नाही. निदान पहिला महिना तरी लक्ष देऊन करायची गोष्ट आहे ही. अर्धं चित्त रस्त्यावर आणि अर्धं तिथे, असं केलं की नितंबच आवळले जातात.

वेळ साधणं

खोकला येणार असं वाटलं की खोकायच्या क्षणभर आधी तळ आवळा, खोका, सोडा. एवढी साधी युक्ती. १९९८ मध्ये ती शिकवून पाहिली तेव्हा आठवड्याभरात खोकतानाची गळती कमी झालेली दिसली. शिंक, खुर्चीतून उठणं, बादली किंवा मूल उचलणं, सगळ्याला हेच.

वजन उचलताना श्वास जोडा. स्क्वॉटमध्ये खाली जाताना श्वास आत, तळ सैल. वर येताना श्वास बाहेर, तळ वर. डेडलिफ्टला उचलतानाच फुंकर. खूप जड वजनाला श्वास रोखून धरायची पद्धत असते आणि अनुभवी बायकांना ती लागतेही, पण गळत असेल तोवर फुंकर मारत उचलता येईल इतकंच वजन घ्या.

धावताना मात्र तळ सतत आवळून धरू नका. पाच किलोमीटर मूठ वळून धावण्यासारखं होईल ते. तिथे आवळणं आपोआप व्हायला हवं, आणि ते पुढच्या पायऱ्यांतून तयार होतं.

उड्यांची शिडी

बाळंतपणानंतर पहिले बारा आठवडे धावणं-उड्या नकोत. सिझेरियन झालं असलं तरी हाच हिशोब. त्यानंतरही तारीख पाहून नाही, शरीर पाहून ठरवा. बाळंतपणाचा संबंध नसेल तरी ही चाचणी घ्याच. तीस मिनिटं भरभर चालणं, एका पायावर दहा सेकंद उभं राहणं, एका पायावर दहा छोट्या बैठका, जागच्या जागी एक मिनिट धावणं, एका पायावर दहा लंगड्या उड्या; एका पायावरचं सगळं आळीपाळीने दोन्ही पायांवर. गळती, जडपणा, दुखणं यातलं काहीही न होता जमलं तर शिडीवर चढा. नाही जमलं तर चालणं, चढावर चालणं, सायकल आणि पायांची ताकद वाढवणारे व्यायाम चालू ठेवा. पोटऱ्या, नितंब आणि मांड्या जितका धक्का गिळतील तितका खाली झोळीपर्यंत कमी पोहोचतो, त्यामुळे हे वेळकाढूपणाचं काम नाही.

शिडीची पहिली पायरी अगदी क्षुल्लक वाटते: टाचा उचलायच्या आणि धप्पकन जमिनीवर सोडायच्या, वीस वेळा. मग दोन्ही पायांनी जमिनीपासून दोन बोटं उंच उडी, दहा. मग त्याच उड्या वीस, तीन फेऱ्या, मधे मिनिटभर विश्रांती. मग पुढे-मागे आणि बाजूला, मग एका पायावर, मग दोरी, मग पायरीवरून उडी मारून उतरणं. एका वेळी एकच गोष्ट वाढवा: संख्या, उंची किंवा वेग. आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरे.

पुढच्या पायरीवर जायचं की नाही, हे त्याच वेळी ठरवू नका. व्यायाम करताना, त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, तिन्ही वेळा ठीक असेल तरच पुढे. दोनदा नीट झालं की चढायचं. गळलं की एक पायरी खाली. माझं ठाण मांडलेलं दुखणं म्हणजे सलग उड्यांची संख्या. वीस कोरड्या, पंचवीस ओल्या. मग मी वीस उड्या, चाळीस सेकंद विश्रांती, पुन्हा वीस, असं सहा आठवडे केलं. एकूण उड्या शंभर झाल्या आणि एकदाही थकलेल्या झोळीवर आपटले नाही. मग विश्रांती पाच-पाच सेकंदांनी कमी केली.

उतरताना आवाज ऐका. धाड असा आवाज येत असेल तर गुडघे, घोटे ताठ आहेत. मांजरासारखं उतरायचं, गुडघे किंचित वाकवून, फुंकर सोडत. धावताना पावलं थोडी आखूड आणि जलद ठेवली की प्रत्येक पावलाचा दणका कमी होतो.

आणि पोट आत ओढू नका. हे मी मोठ्या अक्षरांत लिहिलं असतं. आरशासमोर व्यायाम करताना आपण नकळत बेंबी पाठीला चिकटवतो, वरून घट्ट लेगिंगचा पट्टा. डबा वरून आणि मधून दाबला की दाब जाणार कुठे? खालीच. मधेमधे जाणीवपूर्वक पोट सोडा आणि बरगड्या पसरून श्वास घ्या. काही जणींची निम्मी तक्रार एवढ्यानेच कमी होते असं मी पाहिलं आहे.

व्यायामाबाहेरचं

बद्धकोष्ठता हा तळाचा मोठा शत्रू. रोज कुंथणं म्हणजे रोज उलट्या दिशेचा व्यायाम. कमोडवर बसताना पायांखाली छोटं स्टूल घ्या, गुडघे कमरेच्या वर, पुढे झुकून, कोपरं मांडीवर.

‘निघायच्या आधी जाऊन येते’ ही सवय कमी करा. सारखं थोड्याशाला गेलं की मूत्राशय थोड्याशालाच ओरडायला शिकतं. दिवसात सहा ते आठ वेळा जाणं ठीक. पाणी तोडू नका. गडद लघवीने मूत्राशय आणखी चिडतं. चहा-कॉफी मात्र व्यायामाआधी आवरून पाहा.

पाळी बंद झालीय किंवा लांबत चाललीय, सारख्या दुखापती होतायत, थकवा जात नाही? मग व्यायामाच्या मानाने जेवण कमी पडत असेल. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ पासून खेळाडूंमधल्या या ऊर्जेच्या तुटवड्याला स्वतंत्र नाव देऊन इशारा दिला आहे, आणि उपाशी शरीरात तळाचे स्नायूही नीट बांधले जात नाहीत. रजोनिवृत्तीच्या आसपास आणि अंगावर पाजत असताना इस्ट्रोजेन उतरल्याने तिथली त्वचा पातळ, कोरडी होते. योनीत लावायच्या इस्ट्रोजेनच्या क्रीमबद्दल डॉक्टरांना विचारा, संकोच नको.

आधार घ्यायला हरकत नाही

सराव चालू असताना पॅड वापरा, पण लघवीसाठीचं वेगळं मिळतं ते. पाळीचं पॅड पातळ लघवी पटकन शोषत नाही आणि त्वचा भिजत राहते. पेसरी नावाची सिलिकॉनची कडी योनीत बसवता येते. ती आतून आधार देते, आणि काही जणी ती फक्त व्यायामापुरती घालून नंतर काढतात. माप डॉक्टरच घेतात.

फिजिओथेरपिस्ट आतून तपासणी सुचवू शकतात, कारण बोटाने स्नायूची ताकद चांगली कळते. तुम्ही नाही म्हणू शकता. बाहेरून आणि सोनोग्राफीनेही बरंच कळतं. जाताना आठवड्याची नोंद घेऊन जा आणि उड्या मारायच्यात हे स्पष्ट सांगा, नाहीतर ‘मग चाला की’ एवढंच ऐकून परत याल. माझ्या बाबतीत एकदा तसंच झालं होतं, म्हणून सांगते. प्रशिक्षकाला सगळं सांगायची गरज नाही. ‘आज उड्यांच्या जागी काय करू?’ एवढा प्रश्न पुरतो.

तीन महिने नेमाने करूनही फरक नसेल तर डॉक्टरकडे परत जा. तंत्र चुकत असेल, प्रकार वेगळा असेल, किंवा मूत्रमार्गाला आधार देणाऱ्या शस्त्रक्रियेचा विचार करायची वेळ असेल. ते त्यांच्याबरोबर बसून ठरवा.

आणि शिडी चढून गेल्यावरही काही आठवडे असे येतात की एक पायरी उतरावी लागते: सर्दी-खोकला झालेला असतो, झोप अपुरी असते, पाळी दोन दिवसांवर असते. मी तेव्हा दोरी ठेवून देते आणि टाचा धप्पकन सोडायच्या त्या क्षुल्लक पायरीवर जाते. वीस वेळा, मग पुन्हा वीस. लेगिंग हल्ली राखाडी असते.